हल्ल्याच्या बातमीनंतर ठरलेली परदेश सहल रद्द करावी का?

लगेच रद्द करू नका. दोन दिवस टीव्ही बंद ठेवा आणि मग ठरवा. घरात लहान मुलं, म्हातारे आईवडील असले की पोटात गोळा येणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण भीती आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत कित्येकांनी विमान टाळून गाडीने प्रवास केला आणि पुढच्या काही महिन्यांत रस्त्यांवरचे बळी वाढले.

आधी बघा, तुम्ही जाताय तो भाग नेमका कुठला. एका शहरात स्फोट झाला म्हणून अख्खा देश धोक्याचा होत नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. 'सावध राहा' आणि 'जाऊ नका' यात फार फरक असतो. 'जाऊ नका' असेल तर मात्र पैसे गेले तरी चालतील, जाऊ नका. विम्याचे कागदही नीट वाचा. हल्ला झाल्यानंतर काढलेल्या विम्यात बहुधा त्या घटनेचं संरक्षण मिळत नाही, आणि नुसती भीती वाटते म्हणून रद्द केलं तर भरपाई सहसा नाहीच.

गेलात तर प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा: हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत, दूतावासाचा नंबर, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते. फोन ऐनवेळी लागत नाहीत. युरोपियन युनियनमध्ये मदतीसाठी ११२ हा नंबर सगळीकडे चालतो, तो मुलांकडून पाठ करून घ्या.