रिठ्याचं पाणी आणि गुळवेलीचा काढा

या वेळच्या टपालात मेलेल्या माशांबद्दलची पत्रं बरीच निघाली. घरातल्या कॅन्सरच्या रुग्णाबद्दल आलेल्या पत्रांपैकी एकच इथे घेतलं आहे. बाकीच्यांना फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा, एवढंच कळवलं. आणि पोस्टकार्डावर चारही कडांनी लिहिणाऱ्या सदाशिव पेठेतल्या वाचकांना विनंती, की उत्तर हवं असेल तर कृपया अंतर्देशीय वापरावं.

प्रश्न : आम्ही डिटर्जंट बंद करून रिठ्याने कपडे धुतो. ते पाणी वाया जाऊ नये म्हणून गच्चीवरच्या कमळाच्या टबात ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टबातले सगळे गप्पी मासे उलटे तरंगत होते. रिठा तर नैसर्गिक आहे, मग मासे कशाने मेले?
– एक गृहिणी, कोथरूड

उत्तर : रिठ्यानेच. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्यं भरपूर असतात. फेस येतो तो त्यांच्यामुळे आणि कपड्यावरचा तेलकट मळ सुटतो तोही त्यांच्यामुळेच. पेशीभोवतीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं. सॅपोनिन त्याला जाऊन चिकटतं आणि आवरणाला भोकं पडतात. पुढच्या वेळी रोहू आणाल तेव्हा कापण्याआधी त्याच्या कल्ल्याचं झाकण उचलून बघा. आत लालभडक, अतिशय नाजूक पात्यांच्या रांगा दिसतील. बाहेरचं पाणी आणि माशाचं रक्त यांच्यामध्ये तिथे पेशींचा अगदी पातळ थर असतो. प्राणवायू आत यायचा तर तो पातळच असावा लागतो. त्याची वाट लागली की मासा भर पाण्यात गुदमरतो.

रिठ्याचं पाणी चुकून तुमच्या पोटात गेलं तर मळमळेल, जुलाब होतील. पण आतड्यातून सॅपोनिन रक्तात फारसं शिरत नाही. सह्याद्रीतल्या लोकांनी ही गोष्ट पिढ्यानपिढ्या वापरली आहे. गेळ्याची फळं ठेचून डोहात टाकायची, मासे गुंगून वर आले की वेचायचे आणि कालवण करायचं. माशाला मारणारं तेच सॅपोनिन जेवणाऱ्याला काही करत नाही. रामेठ्याची सालही याच कामासाठी कुटतात. हिवाळ्यात डोंगरमाथ्यावर पिवळ्या फुलांचे गेंद मिरवणारं झुडूप ते हेच, फक्त त्यातली रसायनं वेगळ्या जातीची आहेत. (विष घालून मासे मारायला १८९७ सालच्या कायद्यानेच बंदी आहे, हे जाता जाता सांगून ठेवते. डोहातली पिल्लंही त्यात जातात.)

यावरून पावडर बरी, असा अर्थ मात्र काढू नका. डिटर्जंटही कल्ल्याची तीच गत करतो. रिठ्याचं पाणी कुंडीतल्या मातीत ओता, तिथले जिवाणू त्याचा फडशा पाडतात. टब रिकामा करून घासा, नळाचं पाणी भरून दोन दिवस उघडं ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जाईल, मग नवे गप्पी सोडा. हे लांबवू नका. गप्पी नसलेला टब डासांना लगेच सापडतो.

प्रश्न : शेततळ्यात रोहू-कटला सोडले आहेत. जानेवारीत कडेच्या टोमॅटोवर लॅम्डा हे कीटकनाशक मारलं आणि फवारणीचा पंप तळ्यावरच धुतला. संध्याकाळी मासे गोल गोल फिरायला लागले आणि सकाळपर्यंत निम्मे गेले. त्याच तळ्याचं पाणी गाय प्यायली, तिला काही झालं नाही. दुकानदार म्हणतो, औषधाचा दोष असता तर गायही मेली असती. खरं काय?
– एक शेतकरी, पुरंदर तालुका

उत्तर : दुकानदाराचं गणित चुकतं आहे. आधी आकडे मांडू. लॅम्डाच्या, म्हणजे लॅम्डा-सायहॅलोथ्रिनच्या, ५ टक्के तीव्रतेच्या बाटलीतल्या २० मिलीत मूळ औषध १ ग्रॅम असतं. तुमचं तळं १० लाख लिटरचं धरलं आणि हा १ ग्रॅम त्यात सारखा मिसळला, तर प्रत्येक लिटरला १ मायक्रोग्रॅम पडतो. विषारीपणा मोजायची ठरलेली रीत अशी आहे, की मासे ९६ तास औषधाच्या पाण्यात ठेवायचे आणि किती मात्रेला निम्मे मरतात ते पाहायचं. लॅम्डाच्या बाबतीत काही जातींसाठी ही मात्रा लिटरला पाव मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे बाटलीतलं ५ मिली औषध तळ्यात गेलं तरी पुरतं. मातीच्या तळ्यात बरंचसं औषध गाळाला चिकटून बसतं. तुमच्या तळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असेल आणि तळाशी गाळ नसेल, तर ते पाण्यातच राहतं.

आता गाय. तिने दिवसाला ४० लिटर पाणी प्यायलं तरी पोटात ४० मायक्रोग्रॅम जाणार, आणि गाय चारशे किलोची. शिवाय सस्तन प्राण्यांच्या यकृतात या औषधाचे तुकडे पाडणारी विकरं (एन्झाइम) जोरदार असतात. माशांत ती मंद असतात आणि कल्ला मात्र चोवीस तास पाण्यातून औषध ओढत राहतो. त्यात जानेवारीची थंडी. लॅम्डा ज्यात मोडतं त्या पायरेथ्रॉइड गटातली औषधं गार पाण्यात जास्त जहाल होतात. गोल गोल फिरणं हे मज्जातंतू बिघडल्याचं लक्षण आहे. (गाय वाचली म्हणून मांजरही वाचेल असं समजू नका. याच गटातलं पर्मेथ्रिन मांजरांना फार बाधतं. कुत्र्याचं गोचीड-औषध मांजराला लावणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

पुढे कधी मासे मेले तर औषधाला बोल लावण्याआधी एवढं बघा. पहाटे मासे तोंड वर काढून आ वासत असतील, पाणी हिरवंगार असेल आणि मोठे मासे आधी मेले असतील, तर रात्रीत प्राणवायू संपला आहे. पंप लावून पाणी उडवलं की उरलेले वाचतात. दिवसाढवळ्या मेले, लहान आधी गेले आणि पाण्यातले किडेही मरून पडले असतील, तर विष आलं आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण टोमॅटोकडेही लक्ष ठेवा. लॅम्डाने अळीबरोबर लेडीबर्ड आणि क्रायसोपा हे मित्रकिडेही मेले. लाल कोळी खाणारे हे मित्रच गेल्यामुळे अशा फवारणीनंतर कोळी उसळून येताना दिसतो. पानाच्या मागच्या बाजूला बारीक जाळी दिसली की त्यावर आणखी लॅम्डा मारू नका. पंप तळ्यापासून लांब, पडीक जागी धुवा. मधमाश्या असतील तर फवारणी सूर्य मावळल्यावर करा आणि वारा तळ्याकडे असेल त्या दिवशी करूच नका. उरलेले मासे सध्या खाऊ नका, विकूही नका.

प्रश्न : जलपर्णी नदीतले जड धातू शोषून घेते म्हणतात. मग मुळा-मुठेतली काढता कशाला?
– एक वाचक, खडकी

उत्तर : शोषते हे खरं. पण ती तिथेच कुजली की शोषलेलं सगळं परत नदीत येतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायूही जातो. वाढू द्यायची असेल तर वेळेवर बाहेर काढायलाच हवी. काढलेली मात्र गुरांना घालू नका.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅबचं सलाइन लागतं. हे प्रतिकारशक्तीचं औषध आहे असं डॉक्टर सांगतात. आमची आत्या रोज गुळवेलीचा काढा करून देते. डॉक्टरांनी तो बंद करायला सांगितला, त्यावरून घरात वाद चालू आहे. प्रतिकारशक्ती दोन्हीकडून वाढली तर चांगलंच ना?
– एक भगिनी, चिंचवड

उत्तर : आत्याबाईंचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. तरीही इथे डॉक्टरांचं ऐका. कारण नीट सांगते, म्हणजे घरात वाचून दाखवता येईल.

आपल्या टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बिघडलेल्या पेशी ओळखून मारतात. त्या आपल्याच धडधाकट अवयवांवर तुटून पडू नयेत म्हणून त्यांना ब्रेक असतात. त्यातला एक, पीडी-१, जपानमध्ये तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली शोधला. सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर अमेरिकेत जेम्स ॲलिसन काम करत होते. तो अडवला की उंदरांतल्या गाठी विरघळतात, हे त्यांनी दाखवलं. २०१८ चं नोबेल दोघांना मिळालं. काही गाठी स्वतःच्या पेशींवर असं एक प्रथिन मिरवतात, की टी-पेशी जवळ आली की तिचा ब्रेक दाबला जातो. ती समोर उभी राहते आणि काही करत नाही. तुमच्या भावाचं औषध पीडी-१ वर जाऊन बसतं आणि हे दाबणं थांबवतं. ते टी-पेशींची संख्या वाढवण्यासाठी दिलेलं टॉनिक नाही.

ब्रेक सुटला की तो गाठीपुरताच सुटेल असं नाही. काही रुग्णांत थायरॉइड, आतडं, यकृत, फुप्फुस यांनाही सूज येते. म्हणून प्रत्येक सलाइनच्या आधी रक्त तपासतात. आता गुळवेल. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याचं नोंदवलं, आणि ती शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही आणि रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरंच गुळवेल होती का, असा प्रश्न उपस्थित केला. तो वाद बाजूला ठेवू. तुमच्या घरापुरता प्रश्न व्यवहाराचा आहे. उद्या भावाचे यकृताचे आकडे वाढले, तर ते सलाइनने वाढले की काढ्याने, हे डॉक्टरांना कळणार कसं? सलाइनवर संशय आला की ते थांबवावं लागतं आणि स्टेरॉइड सुरू करावी लागतात. म्हणजे जे औषध लागू पडत होतं, तेच कदाचित काढ्यापायी बंद होईल.

भावाला जुलाब, नवा खोकला किंवा धाप, डोळ्यांत पिवळेपणा, कमालीचा थकवा यातलं काहीही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. घरातला काढा, चूर्ण, गोळ्या, जे काही असेल त्याची यादी कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. आत्याबाईंना भावासाठी काही करायचंच असेल तर मऊ मुगाची खिचडी, वर तूप. या आजारात वजन टिकवणं हे मोठं काम असतं आणि ते काढ्याने होत नाही.

प्रश्न : मधुमेहासाठी मी रोज सकाळी सदाफुलीची पानं चावतो. तिच्यापासून कॅन्सरचं औषध करतात असं वाचलं. म्हणजे मला कॅन्सरपासूनही संरक्षण मिळतं का? (वय ७१)
– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, हडपसर

उत्तर : नाही. पण गंमत म्हणजे ते औषध सापडलं तुमच्याच प्रश्नापायी. जमैकात मधुमेहासाठी सदाफुलीच्या पानांचा चहा पीत. ती पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. उंदरांना अर्क तोंडाने दिला तर साखरेत काही फरक पडेना. मग टोचून दिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशीच घटल्या होत्या. पांढऱ्या पेशी घटवणारं द्रव्य रक्ताच्या कॅन्सरवर चालेल, हा विचार तिथून आला. १९५८ साली नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी विनब्लास्टीन वेगळं केलं आणि थोड्याच वर्षांत त्याचं भावंड व्हिनक्रिस्टिन मुलांच्या ल्युकेमियावर वापरात आलं. ही द्रव्यं पेशीला दुभंगू देत नाहीत. ती शिरेतून, मोजून देतात. १ ग्रॅम विनब्लास्टीनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. तुमच्या चार पानांतून काय मिळणार, याचा हिशेब तुम्हीच करा.

तेव्हा कॅन्सरला ती पुरी पडत नाहीत, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आणखी कशाने साखर किती उतरेल याचा नेम नाही. पानं चावणं सोडा. झाड ठेवा, बारमाही फुलतं.

प्रश्न : नरक्या नावाच्या झाडापासूनही कॅन्सरचं औषध निघतं असं सरांनी सांगितलं. ते रसायन पेशी मारतं, तर झाडाच्या स्वतःच्या पेशी का मरत नाहीत?
– प्रथम वर्ष बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, निगडी

उत्तर : शाब्बास! वर्गात हा प्रश्न ऐकायला मी वर्षानुवर्षं कान टवकारून बसायची.

रसायनाचं नाव कॅम्पटोथेसिन. १९६६ मध्ये ते एका चिनी झाडातून वेगळं केलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. पुढे टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषधही याच जोडीने शोधलं. आपल्या नरक्यातही कॅम्पटोथेसिन आहे हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं, आणि त्यानंतर सह्याद्रीतल्या नरक्यावर कुऱ्हाड पडली ती पडलीच. त्यापासून बनणारं इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर देतात.

पेशी दुभंगण्याआधी डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. टोपोआयसोमरेज-१ नावाचं विकर त्यासाठी डीएनएचा एक धागा क्षणभर तोडतं आणि परत जोडतं. कॅम्पटोथेसिन नेमकं त्या क्षणी मध्ये घुसून बसतं. धागा तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते. त्या चिनी झाडाने स्वतःच्या विकरातला एक अमिनो आम्लाचा दुवा असा बदलून घेतला आहे, की कॅम्पटोथेसिनला तिथे बसायला जागाच मिळत नाही. २००८ मध्ये हे उलगडलं तेव्हा असंही दिसलं, की या औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या ल्युकेमियाच्या पेशींमध्ये त्याच ठिकाणी तोच बदल आधीच सापडलेला होता.

सरांना विचार, नरक्याच्या विकरात त्या जागी कोणतं अमिनो आम्ल असतं. प्रकल्पासाठी पान लागेल ते वनखात्याच्या परवानगीने घे, आणि एकच. साल सोलू नकोस.