'नुसतं ग्रीस मारायचं काम' घ्यावं का?

प्रश्न : मुलाने आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला. चाकणच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ४० ट्रकांच्या देखभाल विभागात अप्रेंटिसची जागा मिळते आहे. हायवेवरचा गॅरेजवाला जास्त पैसे देतोय, शिवाय इंजिन उघडायला मिळेल म्हणतो. घरचे म्हणतात, कंपनीत नुसतं ऑइल बदलायचं आणि ग्रीस मारायचं. काय करावं? – एक आई, जुन्नर

ताई, मुलाला कंपनीत पाठवा. पण त्याआधी तिथे तीन गोष्टी विचारायला सांगा. त्या पुढे लिहिल्या आहेत.

आधी ग्रीसबद्दल. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा. त्याच्या सांध्यातल्या प्रत्येक क्रॉसला (अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याला) चार बेअरिंग असतात. निप्पलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ग्रीस भरताना चारही टोकांच्या सीलमधून जुनं ग्रीस बाहेर यायला हवं. तीनमधून आलं आणि चौथं कोरडंच राहिलं, तर उद्या तेच बेअरिंग जाणार. हे ज्याच्या नजरेला येतं आणि जो ते गाडीच्या जॉब कार्डावर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहितो, त्याची गाडी घाटात शाफ्ट तुटून उभी राहत नाही. एअर ब्रेकच्या हवेच्या टाकीचंही तसंच. ती खालून रिकामी करताना नुसतं पाणी निघालं तर हवेतली ओल शोषणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज संपत आलंय. तेल निघालं तर टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर तेल फेकतोय, त्याच्या रिंगा तपासायला हव्यात. गॅरेजमध्ये गाडी बिघडल्यावर येते. ही आधीची लक्षणं तिथे क्वचितच दिसतात.

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या) आल्या आणि चुका महाग झाल्या. स्वस्त पडतं म्हणून जास्त राखेचं जुन्या ग्रेडचं ऑइल घातलं, तर ती राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये साचते आणि काजळी जाळून टाकणाऱ्या रीजनरेशनने जळत नाही. डीईएफ म्हणजे धुरातले घातक वायू कमी करायला वापरायचं ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण. त्यात नळाचं पाणी मिसळलं की क्षार साचून ते फवारणारा इंजेक्टर आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट खराब होतात, मग इंजिन आपोआप ताकद कमी करतं. एअर फिल्टर हवेच्या झोताने 'साफ' करायची सवयही वाईट: कागदाला बारीक भोक पडलं तरी दिसत नाही आणि धूळ थेट टर्बोत (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यात) जाते.

खरी कसोटी मात्र वेळापत्रकाची. समजा, ४० गाड्या महिन्याला प्रत्येकी ८,००० किमी धावतात आणि सर्व्हिस २०,००० किमीला आहे. म्हणजे महिन्याला १६ सर्व्हिस. पण गाड्या एकाच वेळी घेतलेल्या असल्या की सगळ्यांची पाळी एकाच आठवड्यात येते. त्याच आठवड्यात लोड चांगला असला की मालक म्हणतो, "आत्ता सोड, परत आली की बघू." प्रतिबंधक देखभाल बहुतेक ठिकाणी इथेच मोडते, पान्यांअभावी नाही. म्हणून पाळ्या आधीच पुढेमागे करून ठेवाव्या लागतात आणि फिटनेस, पीयूसीच्या तारखाही त्यांच्याशी जुळवाव्या लागतात. पुढे सुपरवायझर होतो तो हे जमणारा माणूस.

आता ते तीन प्रश्न. प्रत्येक गाडीचं वेगळं जॉब कार्ड भरतात का? टॉर्क पाना (नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आहे का, आणि चाक बसवल्यावर थोडं अंतर चालवून नट पुन्हा तपासतात का? देखभाल विभागाने "गाडी जाणार नाही" म्हटलं तर ती खरोखर थांबते का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर घरच्यांचं म्हणणं बरोबर समजा: तिथे तो नुसतं ग्रीसच मारेल. मग एसटीची विभागीय कार्यशाळा किंवा दापोडीची मध्यवर्ती कार्यशाळा अप्रेंटिस कधी घेते, त्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

कुठेही गेला तरी अप्रेंटिसशिपचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असल्याची खात्री करा. तोंडी 'अप्रेंटिस' म्हणून राबला तर शेवटची परीक्षा देता येत नाही आणि राष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळत नाही. दोन वर्षांच्या ट्रेडमुळे त्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ताही उघडा आहे. आयटीआयच्या मूळ गुणपत्रिका जपून ठेवा, त्या प्रवेशाला लागतील.