उत्तर इटलीतल्या मेरानोहून एका दिवसात ग्लोरेन्झा हे गाव पाहून होईल का?

हो, आरामात होईल, आणि जाच! मेरानोहून मालेसची रेल्वे पकडा, पुढे बस आहे. मालेसहून पायीही पाऊण तासात पोचाल. १४९९मध्ये जवळच काल्वेनला स्विस बाजूच्या फौजांनी हाब्सबुर्ग राजघराण्याच्या सैन्याला हरवलं, आणि त्या लढाईनंतर हे गाव जाळलं गेलं. मग त्याच घराण्यातल्या सम्राट माक्सिमिलियनने त्याला तटबंदी घालायचं ठरवलं. सोळाव्या शतकातला तो तट आणि तीन वेशी आजही शाबूत आहेत. गावात जेमतेम नऊशे माणसं, तरी त्याला शहराचा दर्जा! बुटक्या कमानींखालच्या गल्लीत मात्र निवांत रेंगाळा, मला सगळ्यात तीच आवडते. लोक बहुतेक जर्मन बोलतात, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रियात होता. तिथलं पाला नावाचं नासपती युरोपातल्या उन्हाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरात, पिकतं, तेव्हा गेलात तर चाखाच.