चाळीस सर्व्हरच्या सेटिंग एकदम बदलायच्या, तर ॲन्सिबल की पपेट?

नाशिकला अंबड एमआयडीसीत चाळीस लिनक्स सर्व्हर आणि सांभाळायला दोनच माणसं, असं तुम्ही लिहिलंय. ही दोन्ही साधनं अनेक सर्व्हरच्या सेटिंग एकाच जागेवरून बदलतात; तुम्ही सरळ ॲन्सिबल घ्या. पपेटही उत्तम आहे, पण त्यात सहसा प्रत्येक सर्व्हरवर एजंट, म्हणजे मागे चालत राहणारा छोटा प्रोग्रॅम, बसवावा लागतो. तो दर ३० मिनिटांनी मुख्य सर्व्हरला विचारून सेटिंग जुळवून घेतो. ॲन्सिबलला सर्व्हरवर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिनची सोय) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा एवढं पुरतं.

मात्र प्लेबुकमध्ये (ॲन्सिबलला द्यायच्या कामांच्या फाइलमध्ये) नुसती शेल कमांडची रांग लावू नका, कळकळीने सांगतो. ‘फाइलच्या शेवटी ही ओळ जोड’ असं इको या शेल कमांडने लिहिलंत, तर प्लेबुक जितक्या वेळा चालेल तितक्या वेळा ती ओळ वाढेल. त्याऐवजी साच्यावरून अख्खी फाइल तयार करणारं ॲन्सिबलचं टेम्प्लेट मॉड्यूल वापरा. फाइल आधीच बरोबर असेल तर ते तिला हात लावत नाही, रिपोर्टमध्ये ‘ओके’ दिसतं; बदल झाला तरच ‘चेंज्ड’. लगेच दुसऱ्यांदा चालवल्यावर एकही ‘चेंज्ड’ दिसता कामा नये, ही माझी कसोटी.

लाइव्हवर सोडण्याआधी चेक (प्रत्यक्ष बदल न करता चाचणी) आणि डिफ (फाइलमध्ये काय बदलेल ते दाखवणं) हे दोन्ही पर्याय लावून बघा. सिरियल १ ठेवा, म्हणजे एका वेळी एकच सर्व्हर घेतला जातो; पहिल्याच सर्व्हरवर गडबड झाली तर काम तिथेच थांबतं आणि बाकीचे शाबूत राहतात. एसएसएचची सेटिंग बदलताना तर व्हॅलिडेट, म्हणजे नवी फाइल जागेवर ठेवण्याआधी तपासणारा पर्याय, हवाच. तिथे चूक गेली की लॉगिनच बंद, मग कन्सोलसाठी सर्व्हर रूम गाठावी लागते.

पासवर्ड ॲन्सिबल व्हॉल्टमध्ये (सांकेतिक रूपात कुलूपबंद), बाकी सगळं गिटमध्ये (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन).