पोलंडच्या क्राकुव शहरातली 'शिंडलरची फॅक्टरी' पाहावी का? औशवित्झची नाझी छळछावणी बघणार असू तर पुन्हा तेच होईल का?

तुम्ही लिहिलंय की हातात दोन दिवस आहेत, त्यातला एक औशवित्झसाठी ठरलाय आणि सोबत नववीतली मुलगी आहे. माझं उत्तर: फॅक्टरी नक्की पाहा, आणि ती औशवित्झच्या आदल्या दिवशी पाहा. औशवित्झला माणसं कुठे नेली ते दिसतं. इथे त्याआधीची साडेतीन-चार वर्षं दिसतात, म्हणजे एक नांदतं शहर एकेका फतव्यानं कसं आवळत नेलं ते. या क्रमानं पाहिलं तर दुसऱ्या दिवशीच्या आकड्यांमागची माणसं ओळखीची झालेली असतात.

नावामुळे एक घोटाळा होतो. हे ऑस्कर शिंडलरचं, म्हणजे हजाराहून जास्त ज्यूंना वाचवणाऱ्या जर्मन कारखानदाराचं, संग्रहालय नाही. लिपोवा रस्त्यावरच्या ४ नंबरच्या त्या कारखान्यात २०१० साली शहराच्या इतिहास संग्रहालयानं १९३९ ते १९४५ मधल्या क्राकुववर कायमचं प्रदर्शन मांडलं. शिंडलरच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच खोल्या येतात. त्याची कचेरी, टेबल, भिंतीवरचा युरोपचा नकाशा आणि एनॅमलच्या भांड्यांनी भरलेली काचेची मोठी पेटी. या पेटीच्या आत शिरलं की त्यानं वाचवलेल्यांची नावं दिसतात, हजाराहून जास्त. 'शिंडलर्स लिस्ट' हा सिनेमा पाहून आलेले लोक थेट तिकडे धावतात आणि खरं पाहण्यासारखं मागे टाकतात.

खरा ऐवज आहे कागदांचा. जर्मन आणि पोलिश अशा दोन भाषांतली जाहीर फर्मानं, रेशनकार्डं, ओळखपत्रं. नोव्हेंबर १९३९ मध्ये यागिएलोनियन विद्यापीठातल्या प्राध्यापकांना व्याख्यानाच्या नावाखाली एका सभागृहात बोलावून १८० हून अधिक जणांना अटक झाली. रीनेक या मुख्य चौकाचं नाव बदलून हिटलरचं ठेवलं गेलं आणि ताब्यातल्या पोलंडचा जर्मन गव्हर्नर हान्स फ्रांक वावेलच्या किल्ल्यात राहायला आला. स्वस्तिकाच्या फरश्यांची खोली, न्हाव्याचं दुकान, ट्राम, लपून बसायचं तळघर असे प्रसंग आत उभे केलेत. ट्रामपाशी जरा थांबा. घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना भिंतीआड कोंडलेल्या वस्तीतून, ट्राम खरंच जात असे, पण आत थांबत नसे. बाहेरची माणसं रोज खिडकीतून ते पाहत कामाला जात. पाट्या पोलिश आणि इंग्रजीत आहेत, मुलीला वाचायला अडचण येणार नाही. त्याहून लहान मुलांना मात्र मी आत नेणार नाही.

वेळ किमान दोन तास धरा. दीड तासात लोक उरकतात, पण मग घेट्टो आणि शहरालगतच्या प्वाशुव या नाझी छावणीचा भाग धावत होतो. प्रदर्शनातला रस्ता अरुंद, अंधारा आणि एकाच दिशेनं जाणारा आहे. मागे वळून एखादी खोली पुन्हा पाहायची म्हणजे गर्दीच्या उलट चालणं, म्हणून पहिल्यांदाच निवांत पाहा. मोठी सॅक सामानघरात ठेवावी लागते.

तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं आणि उन्हाळ्यात आधीच संपतं. क्राकुव संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. दलालांची संकेतस्थळं तेच तिकीट मार्गदर्शकासकट बरंच चढवून विकतात. सोमवारी प्रवेश फुकट असतो, पण तिकिटं मोजकी आणि वेळ कमी, त्यामुळे दोन दिवसांच्या मुक्कामात त्या फंदात पडू नका. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बहुधा बंद असतं. वेळा बदलतात, तारीख ठरली की तपासून घ्या.

जाताना ट्रामनं प्लाट्स बोहातेरुव गेट्टा ('घेट्टोच्या वीरांचा चौक') या थांब्यावर उतरा. तिथून कोंचिक रस्त्यानं रेल्वेच्या पुलाखालून लिपोवाला दहा मिनिटांत पोचता. पण आधी चौकातच अर्धा तास काढा. याच चौकात घेट्टोतल्या लोकांना गोळा करून बेवझेत्सच्या मृत्युछावणीत धाडलं जात होतं. आज तिथे रिकाम्या धातूच्या खुर्च्यांचं स्मारक आहे. कोपऱ्यावर तादेऊश पांकिएविच यांचं गरुडाच्या नावाचं औषधालय. घेट्टोत राहून दुकान चालवायची परवानगी मिळालेले ते एकटे पोलिश, गैरज्यू औषधविक्रेते. आता ते छोटं संग्रहालय आहे. खण उघडून कागद आणि छायाचित्रं पाहता येतात, पाऊण तास पुरतो. पुढे ल्वोव्स्का रस्त्यावर घेट्टोच्या भिंतीचा तुकडा उभा आहे. भिंतीचा माथा ओळीनं कमानींचा आहे, ज्यू कबरींच्या दगडांच्या आकाराचा. जिथे आधी सुमारे तीन हजार लोक राहत, तिथे मार्च १९४१ मध्ये पंधरा हजार ज्यू कोंबले. १३ आणि १४ मार्च १९४३ ला घेट्टो संपवला, रस्त्यांतच जवळपास दोन हजार मारले गेले.

आणखी एक चूक नेहमी होते. घेट्टो काझिमिएशमध्ये नव्हता. काझिमिएश हा जुना ज्यू मोहल्ला. घेट्टो नदीपलीकडे पोदगुझेत होता. 'शिंडलर्स लिस्ट'मधली घेट्टोची बरीच दृश्यं मात्र काझिमिएशमध्ये चित्रित झाली, म्हणून लोक तिथेच भिंत शोधत फिरतात.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीमुळे आपल्याकडे पोलिश निर्वासितांची माहिती असते, पण ती गोष्ट इथे सापडणार नाही. वळिवड्याला १९४३ ते १९४८ दरम्यान राहिलेले पाचएक हजार लोक सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेले होते. हे प्रदर्शन जर्मन ताब्यातल्या एका शहराचं आहे. मुलीला दोन्ही कहाण्या आधी वेगवेगळ्या करून सांगा.

औशवित्झ क्राकुवपासून साधारण ७० किलोमीटर. प्रवेशाची नोंदणी नावानिशी आणि आगाऊ लागते, पासपोर्ट सोबत ठेवा. मार्गदर्शकासोबतची फेरी साडेतीन तासांची असते, प्रवास धरून अख्खा दिवस जातो. त्याच संध्याकाळी फॅक्टरीचं तिकीट काढू नका.