धाप लागेपर्यंत धावू नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझी तीन आठवड्यांची नोंद वाचली. आठवड्यातले पाच दिवस धावायचं, रोज जीव घशाशी येईपर्यंत. आता नडगी ठणकतेय, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, आणि तू विचारतेस की आपलं शरीर धावण्यासाठी बनलेलंच नाही का? शरीर उत्तम आहे गं. वेग चुकतोय.

नवीन धावणाऱ्या बहुतेकांचा हाच समज असतो: धाप लागली, घामाने निथळलो, तरच व्यायाम झाला. दमसास मात्र वाढतो तो मुख्यतः सोप्या वेगाने, पुष्कळ वेळ आणि नियमित केलेल्या कामाने. हा सोपा वेग ओळखायला मनगटावरचं घड्याळ लागत नाही. धावता धावता सतराचा पाढा म्हण. 'सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न' इतकं एका दमात, न अडखळता म्हणता आलं तर वेग बरोबर आहे. 'सतरा दुणे'पाशीच श्वास घ्यावा लागला तर हळू हो. आरामात ताना घेत गाणं म्हणता येत असेल तर थोडा वेग वाढव. (सतराचा पाढाच येत नसेल तर तो वेगळा विषय, त्यावर भेटल्यावर बोलू.)

सुरुवातीला हा वेग लाज वाटावी इतका कमी निघेल. दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल, असंही करावं लागेल. खुशाल कर. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड 800 मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललासुद्धा आठवड्याला शंभर मैलांच्या आसपास धावायला लावत, तेही दम कोंडणार नाही अशा बेताने. त्याच स्नेलने 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचं सुवर्णपदक जिंकलं आणि 1964 साली टोकियोत 800 आणि 1500 अशी दोन्ही. पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीसाठी एवढा पाया घालावा लागत असेल, तर आपल्याला कसली घाई?

आत काय घडतं ते सांगतो, म्हणजे धीर धरता येईल. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव भाग वाढतो. मग महिनोनमहिने हृदयाचा डावा खालचा कप्पा थोडा मोठा आणि लवचीक होत जातो, स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या फुटतात, प्राणवायू वापरणारी यंत्रणा वाढते. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. एका ठोक्याला 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडत असेल तर त्यासाठी सत्तरेक ठोके लागतात. ठोक्याला 100 पडायला लागलं की पन्नासात काम भागतं. म्हणून सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, अंगठ्याखाली मनगटावर बोटं ठेवून अर्धा मिनिट नाडी मोज आणि दुप्पट करून लिही. काही महिन्यांत आकडा खाली सरकताना दिसेल. एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा बराच वर गेला तर समज की झोप झालेली नाही, थकवा साचलाय किंवा ताप येऊ घातलाय. त्या दिवशी नुसतं चाल.

आता नडगी. दम आठवड्यांत सुधारतो. हाडं आणि कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) यांना महिने लागतात. छाती 'चल' म्हणते आणि पाय तयार नसतात, त्या फटीत बहुतेक दुखणी शिरतात. दुखणं हाडाच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेलं असेल तर पंधरा दिवस धावणं बंद करून सायकल चालव किंवा पोह. पण बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखव. हाडाला बारीक चीर असू शकते.

मात्र दुखतंय म्हणून पडून राहू नकोस. 1966 साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जितकी घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांनी घटवली होती! हे वाचल्यापासून मी कुणालाही 'पूर्ण आराम कर' म्हणताना दहादा विचार करतो.

घड्याळात दिसणारी ठोक्यांची कमाल मर्यादा, 220 वजा वय, ही निव्वळ सरासरी. वीस वर्षांच्या मुलीला ते 200 सांगेल. तिची खरी कमाल 188 असू शकते, 210ही असू शकते. शिवाय मनगटावरचा सेन्सर कधी कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतो. पाढा जास्त भरवशाचा.

जोरात धावायचंच नाही असं नव्हे. दोन-तीन महिने पाया घातलास की आठवड्यातून एकदा: नीट अंग गरम करून चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. जोर म्हणजे तोंडातून दोन-तीन शब्दच फुटतील इतका. पहिली फेरी 'हे तर सोपं आहे' असं वाटावं. तशी वाटली नाही तर चौथी पुरी होत नाही.

आणि सकाळी अर्धा तास धावून दिवसभर खुर्चीला चिकटू नकोस. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासून 1953 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभर दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होता. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस हालचाल सांगते, वर दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. 2020पासून सलग दहा मिनिटांची अटही राहिलेली नाही, तेव्हा जिन्याची दोन मिनिटंही जमेला धर. स्नायूंचे ते दोन दिवस टाळू नकोस. पोटऱ्यांसाठी टाचा उचलण्याचा साधा व्यायाम तुझ्या नडगीलाही मदत करेल.

ताप असेल तर धावायचं नाही, अजिबात नाही. धावताना छातीत दाटलं, चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर आधी हृदयाची तपासणी, मग बाकी सगळं.

बुटांचं विचारलं होतंस. टाच आत हलत नसेल, अंगठ्यापुढे बोटभर जागा असेल आणि तळ एका बाजूने झिजला नसेल, तर आहेत तेच वापर. पंधरा दिवसांनी नडगी कशी आहे ते कळव, मग धावायला कधी लागायचं ते ठरवू.

तुझा,
सर