अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात भारी कोच कोण?
सगळे अलाबामा युनिव्हर्सिटीचा माजी कोच निक सेबनचंच नाव घेतील, पण माझं मत बिल स्नायडरला. कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीची टीम १९८७ आणि १९८८ या दोन्ही सीझनमध्ये एकही मॅच जिंकली नव्हती, अशी टीम या माणसाने १९८९ ला हातात घेतली आणि पहिल्या वर्षी मिळाला काय तर एकच विजय 😄 पण गडी टिकून राहिला आणि मग १९९७ ते २००० सलग चार सीझन दरवर्षी ११ मॅचेस जिंकल्या. २००३ ला तर बिग ट्वेल्व्ह या कॉलेज टीम्सच्या लीगच्या फायनलमध्ये रँकिंगमध्ये नंबर वन असलेल्या ओक्लाहोमाला ३५-७ धुतलं! २००५ ला रिटायर झाला, स्टेडियमला त्याच्या फॅमिलीचं नाव दिलं, तरी २००९ ला परत आला आणि २०१२ ला पुन्हा बिग ट्वेल्व्हचं टायटल. एकूण २१५ विजय. नॅशनल टायटल नाही मिळालं, ते मान्य.